वरच्या गोळ्या

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. अर्नाळ्याजवळच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हा मला चोविसावं होतं. आमचं घर मच्छीमाराचं. बाप होडीवर, आई वाळवणावर, आणि शिकून पांढरा डगला घातलेला मी एकटा. दवाखान्याला कायमचे डॉक्टर नव्हते. तालुक्याहून आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे बाई.

बाई नर्स होत्या. सांडोर गावच्या, ख्रिस्ती घरातल्या. तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. आवाज बारीक, चाल भरभर, आणि हात असे की त्यांनी एकदा जागेवर ठेवलेली वस्तू दुसऱ्या कोणाला हलवावीशी वाटत नसे. मी पुढे पुष्कळ ठिकाणी नोकऱ्या केल्या, मोठे डॉक्टर पाहिले, पण औषधाची इतकी अदब राखणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही. हे मी आज त्यांचं मन राखायला लिहीत नाही. मन राखण्याचा हक्क मी कधीच घालवून बसलोय.

आमच्याकडे हिवताप पावसाच्या शेवटाला यायचा. भाद्रपद-आश्विनात घरटी एक माणूस तरी गोधडीखाली कुडकुडत असायचं. पोरांची पोटं सुजलेल्या पानथरीने, म्हणजे प्लीहेने, टमटमीत. औषध एकच, कोयनेल. लढाईच्या काळात ती मिळेनाशी झाली होती, त्यामुळे आता डबा आला की बाई तो दोन्ही हातांनी उतरवून घेत. गोळ्यांचा डबा जमिनीवर ठेवायचा नाही, भिंतीला टेकवायचा नाही, वीतभर अंतर हवंच. डब्याला काळ्या कापडाची पिशवी, कारण उजेडाने कोयनेल पिवळी पडते. कपाटात एका मडक्यात कळीचा चुना. तो ओल पितो आणि पीठ झाला की बदलायचा. बाहेर झड लागलेली असताना डबा उघडायचा नाही, आणि उघडावाच लागला तर हात निखाऱ्यावर शेकून कोरडे करून. नंतर झाकणाच्या कडेने मेणबत्तीचं मेण ओतायचं. दर वेळी. दिवसातून दोनदा उघडला तर दोनदा.

पण बाईंचं खरं वैशिष्ट्य म्हणजे सोमवारचा पेला. दर सोमवारी सकाळी त्या एका काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेत, घरून आणलेला ताडीचा शिरका त्यात दोन चमचे घालत, आणि उघड्या डब्यातली वरची एक गोळी टाकत.

"पोटात आंबट असतं ना, म्हणून शिरका," त्या म्हणत. "अर्ध्या तासात हिचं पीठ झालं पाहिजे. नाही झालं, तर माणसाच्या पोटातही होणार नाही. गोळी गिळली म्हणजे औषध घेतलं असं नसतं रे."

दुसरी परीक्षा गावकऱ्यांची होती. कोयनेल लागू पडली की कानात आवाज येतो. त्यामुळे गोळ्या घेतलेलं माणूस दारात आलं की बाई आधी विचारत, "कान वाजले का?"

"वाजले, बाय! अख्खी वरात गेली कानातून," एखादी कोळीण म्हणायची, आणि बाकीच्या हसायच्या. कान वाजले म्हणजे सरकारने फसवलं नाही. इतकी साधी, इतकी कष्टाने मिळवलेली खात्री होती ती. बाई नव्याने आल्या तेव्हा लोक गोळ्या घेऊन जात आणि वाटेत वाळूत टाकत, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

त्या वर्षी पावसाआधी जिल्ह्याचे एक मोठे डॉक्टर तपासणीला आले. सोमवार होता. त्यांनी तो पेला पाहिला, घड्याळ लावून पाहिला.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, साहेब. एकदा उलटीत गोळी अख्खी पडलेली पाहिली. तेव्हापासून."

साहेब जाताना म्हणाले, दिवाळीनंतर तालुक्यातल्या सगळ्या दवाखान्यांची माणसं एकत्र बोलावू, तुम्ही त्यांना हे करून दाखवा. पुढे जिल्ह्यात सगळीकडे लावू.

दुसऱ्या दिवसापासून रुग्ण ओसरले की बाई मला बाकावर बसवत आणि समोर उभं राहून काय काय सांगायचं त्याची तालीम करत. मी एकटा पंधरा जणांचा वर्ग. मधेच थांबून त्या विचारायच्या, "मागच्या रांगेत ऐकू येतंय का?" मी म्हणायचो, "मागचे दोघे झोपलेत, बाई." त्यावर त्या खडू फेकल्यासारखा हात करायच्या. त्यांना लहान मुलीसारखं हरखलेलं मी तेवढंच पाहिलं. आपल्या हातांनी शोधलेली गोष्ट आपल्या मागे दुसऱ्यांच्या हातात राहील, याचा तो आनंद होता. हे तेव्हाही मला कळत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

भाद्रपदात बाईंचे भाऊ माडावरून पडले. पाय मोडला. बाई चार दिवसांची रजा घेऊन सांडोरला गेल्या. जाताना नेहमीचंच बजावून गेल्या. मी हो हो म्हटलं.

त्या गेल्या आणि झड लागली. पहिल्याच दिवशी पाच-सहा तापाचे आले. मी डबा उघडला, गोळ्या दिल्या, झाकण तळहाताने दाबून बसवलं आणि मेण नंतर लावू म्हटलं. मेणबत्ती पेटवायची, मेण वितळायची वाट पाहायची, कडेने फिरवायची, याचा मला कंटाळा होता. नंतर राहिलंच. पिशवीतही घातला नाही, आणि डबा खिडकीखाली भिंतीला लागून राहिला. तिसऱ्या दिवशी उघडला तर अर्ध्या डब्यापर्यंत गोळ्या ओलसर, फुगलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. बोटांना पांढरा लगदा लागला.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं.

आमच्या घरात ओल लागलेली वस्तू म्हणजे उन्हात टाकायची वस्तू. बोंबील, सोडे, जाळी, गोधड्या, खरूज झालेलं पोर, सगळ्याला ऊन हाच उपाय. उन्हाने बरं होत नाही असं काही असतं हे मी कधी ऐकलंच नव्हतं. दवाखान्यामागे लाकडं ठेवायची पत्र्याची खोपी होती. तिच्या पत्र्यावर मी धोतर पसरलं, ओल्या गोळ्या सुट्या करून त्यावर मांडल्या, आणि आई बोंबील परतते तशा दोनदा परतल्या. कावळे येऊ नयेत म्हणून खाली काठी घेऊन बसलो. संध्याकाळी त्या खडखडीत वाळल्या होत्या. थोडी पिवळी झाक होती, पण एकीवर एक टाकली की टक् आवाज यायचा. ओल गेली म्हणजे औषध सुधारलं, असं मला खरोखर वाटलं. इथपर्यंत मी अडाणी होतो.

पुढचं अडाणीपणाने केलं नाही. दोन दिवसांनी सोमवार होता. बाई वरची गोळी पेल्यात टाकणार हे मला ठाऊक होतं. डब्याच्या तळच्या गोळ्यांना ओल पोचली नव्हती, त्या पांढऱ्या आणि चांगल्या होत्या. मी डबा रिकामा केला, उन्हातल्या गोळ्या तळाशी घातल्या, चांगल्या वर पसरल्या, आणि झाकणाला मेण लावलं. या वेळी अगदी नीट लावलं.

सोमवारी बाईंच्या पेल्यातली गोळी बारा-पंधरा मिनिटांत विरघळली. पुढच्याही सोमवारी. तिसऱ्याही. त्या गुरुवारी चांगल्या गोळ्या संपल्या. पुड्या बांधायचं काम माझं, त्यामुळे हाताला पहिली पिवळट गोळी आली ते मला कळलं. मी पुडी बांधली.

शनिवारी दुपारी एक कोळीण तरातरा आली. तिची सोळा वर्षांची मुलगी आठवडाभर तापात होती. गुरुवारपासून आमच्या गोळ्या चालू होत्या. तिने पदराची गाठ सोडून टेबलावर गोळी ठेवली.

"बग, बाय, तुजी गोली. सकाली गिलली, दुपारी ओकली. जशीच्या तशी! धुवून आनलीय. पोरांना खेलायला देऊ का परत घेतेस?"

"कान वाजले का तिचे?" बाईंनी विचारलं.

"कशाचं वाजतान! तीन दिस खाते, कानात माशी भुनभुनली नाय. पोरगी पार पिवली परली. दर्या फसवतो ते आमाला म्हाईत हाय, बाय. तू कदी फसवायला लागलीस?"

बाईंनी गोळी उचलली. ती गोळी दातांनी फोडून पाहिली, फुटेना. त्यांनी पेला मांडला. अर्धा तास, तास. गोळी तळाशी खड्यासारखी पडून राहिली. मग त्यांनी डबा कागदावर ओतला आणि दवाखान्यात होते नव्हते तेवढे पेले, कप, वाट्या ओळीने मांडून प्रत्येकात एकेक गोळी टाकली. एकही विरघळली नाही. ती कोळीण बाजूला कमरेवर हात ठेवून उभी होती. बाहेर आणखी चार माणसं जमली होती.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाजात संशय नव्हता. रजिस्टरमधला आकडा विचारावा तसं त्यांनी विचारलं.

"मी सांडोरला होते तेव्हा डबा उघडा राहिला होता का?"

"नाही, बाई. मेण लावलं होतं."

"ओल लागली?"

"नाही."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोललो असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. तसं नव्हतं. बाईंनी मला हाकललं नसतं. त्यांच्या नजरेतून मी उतरलो असतो, तेवढंच मला नको होतं.

त्याच दुपारी त्यांनी रजिस्टर काढलं. गुरुवारपासून गोळ्या नेलेली घरं उतरवून घेतली, नव्या डब्यातल्या गोळ्या खलात कुटून भुकटी केली आणि निघाल्या. पिशवी माझ्या खांद्यावर. प्रत्येक दारात त्यांचं एकच वाक्य: "गोळ्या वाईट होत्या. चूक आमची आहे. उरलेल्या परत द्या, ही भुकटी माझ्यासमोर घ्या." कोणी निमूट घेतली. एक म्हातारा खाटेवरूनच म्हणाला, "औषध देता का गोट्या? आमच्या वेलंला काढा होता तो बरा होता." एका घरात तर दार उघडलंच नाही, बाई ओटीवर अर्धा तास बसून राहिल्या, तेव्हा उघडलं. मी शेजारी उभा होतो. 'आमची' या शब्दात मी होतो, आणि त्यातल्या कोणालाच ते माहीत नव्हतं.

त्या मुलीकडे बाई तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जात होत्या. भुकटी इतकी कडू की पोरगी दोनदा थुंकली. दोन्ही वेळा बाईंनी पेजेतून पुन्हा दिली. आई कोपऱ्यात सोडे निवडत बसायची, बाईंशी बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी एकदम म्हणाली, "आये, भायेर कोन घंटा वाजवतं?" बाहेर कोणीच वाजवत नव्हतं. तिची आई निवडता निवडता थांबली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाई फक्त म्हणाल्या, "वाजू दे. दोन दिवस वाजेल."

मुलगी बरी झाली. लोकही हळूहळू परत आले, पण गोळीसाठी नव्हे, भुकटीसाठी.

मग बाईंनी जिल्ह्याच्या साहेबांना पत्र लिहिलं. आधी मला वाचून दाखवलं. त्यात होतं: डब्याला तळाकडून ओल लागलेली असणार, मी प्रत्येक वेळी वरचीच गोळी तपासत राहिले, त्यामुळे माझी तपासणी खोटी ठरली आणि रुग्णांना त्रास झाला. दोष माझा आहे. अशा पद्धतीवर इतरांनी विसंबणं धोक्याचं आहे, तरी दिवाळीनंतरचा वर्ग कृपा करून घेऊ नये.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काही राहिलं का रे?"

"नाही, बाई," मी म्हटलं.

वर्ग झाला नाही. साहेबांचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यात ठपका होता आणि पुढे अधिक दक्षता घेण्याची सूचना. बाईंनी ते फाईलला लावलं. पुढच्या सोमवारी पेला निघाला नाही, नंतरही कधी नाही. त्याऐवजी त्या प्रत्येक रुग्णाची गोळी खलात कुटू लागल्या. आश्विनात दिवसाला तीस-चाळीस माणसं. संध्याकाळी त्यांचं मनगट सुजलेलं असायचं. तेल चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा मी म्हटलं, बाई, मी कुटतो. "नको," त्या म्हणाल्या, "मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता खात्री वाटत नाही." दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोपाला त्यांनी मला सांडोरच्या केळ्यांचा एक घड दिला.

नंतरची वर्षं मी सरळ नोकरी केली. मेण लावायला कधी चुकलो नाही. त्याने काय होतं?

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. मागच्या महिन्यात आमच्या केंद्रात एक नवीन नर्स रुजू झाली. हुशार मुलगी. जुना साठा आवरताना मी सहज म्हटलं, एक गोळी पाण्यात टाकून पाहू या का? ती हसली. "त्यावर भरवसा ठेवायचा नाही, काका. ज्या बाईंच्या हाताखाली मी शिकले, त्या सांगायच्या की मी स्वतः त्यात फसलेय. पेला खोटी ग्वाही देतो म्हणायच्या."

त्या रविवारी मी सांडोरला गेलो.

बाई वाडीत होत्या. सत्तरीच्या पुढे गेल्यात, पण केळीचे लोंगर स्वतः उतरवून घेतात. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ओटीवर बसवलं, बायकोमुलांची चौकशी केली. मी पाणीही न पिता सगळं सांगितलं. मेण, झड, पत्रा, धोतर.

संपल्यावर त्या एकेक प्रश्न विचारू लागल्या.

"किती तास उन्हात होत्या?"

"सकाळी नऊपासून उन्हं कलेपर्यंत."

"पत्र्यावर? तापलेल्या? ओल्या गोळ्यांच्या विटाच भाजल्यास ना?"

"हो."

"आणि चांगल्या वर कोणी आणल्या?"

"मी."

"सोमवार होता म्हणून?"

"सोमवार होता म्हणून."

बाई म्हणाल्या, "म्हणजे पेला बरोबर होता."

"बरोबर होता, बाई."

"माझंही काही चुकलं नव्हतं."

"नाही."

"आणि मी पोरींना, नोकरीत आणि नंतर मिशनच्या दवाखान्यात, वीस वर्षं उलटं शिकवलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ठपका आला त्याचं मला काही नाही रे. मनगट दुखलं, त्याचंही नाही. पण एक धड गोष्ट माझ्या हातून निघाली होती, ती मीच माझ्या तोंडाने मोडली. तुझ्यामुळे. आणि तू समोर बसून ऐकलंस."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात केला. "ते तू आणि तुझा देव बघा. माझ्याकडे ते काम आणू नकोस." त्या आत गेल्या आणि कागद, पेन, एक जुनी वही घेऊन आल्या. वहीत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्सांची नावं होती. अकरा. "प्रत्येकीला लिही. काय झालं ते, आणि पेला कसा करायचा तेही. मी वाचून बघणार आहे."

मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, 'माझ्या हातून अनवधानाने एक चूक घडली'. बाईंनी खांद्यावरून वाकून वाचलं.

"अनवधानाने गोळ्या खालच्या वर होत नाहीत. खोड ते."

मी खोडलं.

"लिही, बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. एवढंच. पुढे औषधाचं लिही, ते महत्त्वाचं."

मी तसं लिहिलं. दुसरं पत्र घेताना मी विचारलं, बाजारातून कार्बन कागद आणू का? त्या नाही म्हणाल्या. हातानेच अकरा वेळा लिही म्हणाल्या. तेच वाक्य मी अकरा वेळा लिहिलं. दुपारी त्यांनी माझ्यासमोर जेवण आणून ठेवलं आणि स्वतः पलीकडे बसून लिहून झालेली पत्रं वाचत राहिल्या. एकात शिरक्याचं प्रमाण चुकलं होतं. ते मला पुन्हा लिहायला लावलं.

शेवटचं पाकीट बंद करताना त्यांनी पत्ता पाहिला.

"ही आता तिथे नाही," त्या म्हणाल्या. "डहाणूकडे बदली झालीय तिची. नवीन पाकीट घे, आणि अक्षर जरा मोठं काढ. टपालवाल्याला लागायला हवं."